बाईंच्या लॅपटॉपसाठी लिनक्स

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी आष्टीच्या टायपिंगच्या बाईंचं नाव घेतो. नाव म्हणजे ‘बाई’ एवढंच. सगळ्या आष्टीत त्यांना दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी कधी ऐकली नाही.

बाजाराच्या रस्त्याला, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा क्लास होता. टाइपरायटरला आम्ही ‘मशीन’ म्हणायचो. अशी आठ मशीनं, पाच मराठी आणि तीन इंग्रजी. अकरावीत असताना मी शेजारच्या आमच्या गावाहून मिनिटाला तीस शब्दांच्या मराठी परीक्षेसाठी तिथं जाऊ लागलो. घरी रामराम आणि बाईंच्या दारात जयभीम, ही सवय तेव्हाची. आमच्या घरात माझ्याआधी दहावीच्या पुढं कुणी गेलं नव्हतं. टायपिंगची परीक्षा पास झाली की कुठंतरी क्लार्क होता येईल, इतकाच माझा आणि वडिलांचा विचार होता.

बारावीचा निकाल लागला तेव्हा मी पेढे घेऊन गेलो. बाईंनी पेढा बाजूला ठेवला आणि आधी गुणपत्रिका मागितली. गणिताच्या मार्कांवर बोट ठेवून म्हणाल्या, “एवढे मार्क घेऊन तू जन्मभर दुसऱ्याचे अर्ज टाइप करणार का रे?”

दुसऱ्या दिवशी क्लासला कुलूप लावून त्या माझ्याबरोबर एसटीनं जालन्याला आल्या. कॉलेजच्या रांगेत माझ्या मागं उभ्या राहिल्या. फॉर्मवर ‘वडिलांचे शिक्षण’ असा रकाना होता. मला तिथं काय लिहावं कळेना. बाईंनी पेन घेतलं आणि लिहिलं, ‘शेती’. खिडकीतले क्लार्क म्हणाले, “बाई, इथं शिक्षण विचारलंय.”

“मंग तेच लिहिलंय की,” बाई म्हणाल्या.

मी संगणकशास्त्रात बी.एस्सी. झालो ते असं.

पुढं सरकारी टायपिंगची परीक्षा संगणकावर घेऊ लागले. मशीनच्या फिती मिळेनाशा झाल्या, दुरुस्ती करणाऱ्यानं दुसरा धंदा धरला आणि बाईंचा क्लास बंद झाला. मी तोवर जालन्यात एका बियाण्यांच्या ऑफिसात संगणक सांभाळायच्या नोकरीला लागलो होतो. एका रविवारी बाईंना भेटायला गेलो, तर त्या टेबलाशी वही घेऊन बसल्या होत्या. उजवा हात थरथरत होता. वहीतल्या ओळी एकमेकींवर चढल्या होत्या.

“काय लिहिताय, बाई?”

“माझ्या पोरींचं लिहून राह्यले. क्लासातल्या. कुणी तहसीलला लागली, कुणी कोर्टात. एकेकीवर एकेक पान लिहायचं ठरवलंय. पण ह्या हाताला पेन धरवत न्हाई. बटणावर ठेवला की मात्र बिलकुल हलत न्हाई, बघ.” त्यांनी टेबलाच्या कडेवर बोटं ठेवून दाखवली. खरंच हलत नव्हती.

“मोबाइलवर बोललं तरी टाइप होतं आता,” मी म्हणालो.

“होतं की. पण बोलून झालेलं मला माझं वाटत न्हाई. माझं डोकं बोटांत आहे.”

माझा कॉलेजातला लॅपटॉप जालन्यात खोलीवर पडून होता. जुना, चार जीबी रॅमचा, चालू व्हायलाच खूप वेळ घेणारा. मी मोठ्या ऐटीत म्हणालो, “तो तुम्हाला देतो. त्याच्यावर लिनक्स टाकतो. पळायला लागेल.” बाईंसाठी काही करायची संधी मला त्या दिवसापर्यंत मिळाली नव्हती.

लिनक्स म्हणजे संगणक चालवणारी, फुकट मिळणारी प्रणाली; मला ती येत होती ती प्रॅक्टिकलच्या वहीपुरती. खोलीवर टाकायला बसलो तेव्हा कळलं, की लिनक्स असं एकच काही नसतं. आतलं इंजिन तेच, पण त्याभोवती बांधलेल्या गाड्या कितीतरी. त्यांना डिस्ट्रो म्हणतात. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा, आणि प्रत्येकाची बाजू घेऊन भांडणारी माणसं. मी व्हिडिओ बघत गेलो आणि जितके बघितले तितका गोंधळलो.

खोलीत माझ्याबरोबर बदनापूरचा एक मित्र राहायचा. त्याला यातलं माझ्यापेक्षा जास्त कळायचं, निदान तो तसं बोलायचा.

“मिंट टाकावं म्हणतोय,” मी म्हणालो.

“मिंट? अबे, ते रिटायर मास्तरांसाठी असतंय. तू बी.एस्सी. कशाला झालास मंग?”

“पण बाई रिटायरच आहेत की.”

“टाकणारा तू आहेस न्हवं? मंग कर मिंट. आन् कुणाला सांगू नको माझा रूम पार्टनर आहेस म्हणून.”

मला ते लागलं. मी ज्यात सगळं नवं सर्वांत आधी येतं, दर आठवड्याला नवे अपडेट येत राहतात, असं एक लिनक्स निवडलं. नाव लिहीत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. ते ज्यांच्यासाठी बनवलंय त्यांच्यासाठी उत्तमच असणार. आमच्या ऑफिसात शेतकरी येऊन ‘चांगलं वाण कोणतं’ असं विचारायचा, तेव्हा काउंटरवरचे काका वाणाचं नाव कधीच आधी सांगायचे नाहीत. “जमीन कसली? पाणी किती?” हे आधी विचारायचे. मी रोज ते ऐकत होतो आणि बाईंना मात्र काहीच न विचारता पेरून मोकळा झालो.

पहिल्याच दिवशी बाई लॅपटॉपसमोर बसल्या, पाठ ताठ केली, मशीनवर ठेवायच्या तशी बोटं ठेवली आणि ‘दिवस’ लिहायला घेतलं. पडद्यावर ठिपक्यांचा एक गोल उमटला आणि त्याला वेलांटी लटकली.

“हे काय रे? माझी चूक?”

बाईंची चूक नव्हती. मशीनवर पहिली वेलांटी आधी मारायची असते आणि अक्षर नंतर. मी लॅपटॉपात बसवलेल्या मराठी कीबोर्डवर, म्हणजे कुठल्या बटणाला कुठलं अक्षर या मांडणीत, अक्षर आधी मारावं लागायचं. शिवाय अक्षरांच्या जागाही वेगळ्या होत्या. चाळीस वर्षं ज्या बोटांनी शेकडो मुलांना शिकवलं, ती बोटं माझ्यामुळं एका मिनिटात अडाणी ठरली. बाईंनी हात मांडीवर घेतले. मला तिथं बसवेना.

पुढच्या रविवारी मी मशीनच्या ठेवणीचा मराठी कीबोर्ड शोधून बसवला. बाईंनी एक ओळ मारली, मग दुसरी. पान भरलं तेव्हा त्यांनी खोलीभर बघितलं, जणू मागं सात मशीनं चालू आहेत. “पोरी असत्या आत्ता...” एवढंच म्हणाल्या.

त्यानंतर दोन आठवडे बरे गेले. मग अपडेट आला आणि तो बसवलेला कीबोर्ड गेला. बाईंचा फोन आला, मी शनिवारची एसटी धरली, आष्टीत उतरलो, तासाभरात नीट केलं. बाईंनी पिठलं-भाकरी वाढली. जेवताना त्या कुठल्या पोरीचं पान लिहून झालं ते सांगायच्या आणि मला ऑफिसातलं विचारायच्या, तेही अगदी खोदून. माझ्या घरी आईवडील माझ्या कामाबद्दल एकच प्रश्न विचारायचे, “बराबर चाललंय न्हवं?” बाईंना तपशील हवा असायचा. महिन्यातून दोनदा काही ना काही बिघडायचं आणि मी जायचो. मी त्यांना सांगून ठेवलं होतं, “अपडेटचं विचारलं की होय म्हणा.” त्या इमानानं होय म्हणायच्या.

क्लासच्या पहिल्या बॅचची एक मुलगी त्या वर्षी परतूरच्या कचेरीतून निवृत्त होणार होती. बाईंपेक्षा ती आठच वर्षांनी लहान, तरी बाई तिला पोरगीच म्हणायच्या. सेवापूर्तीच्या समारंभात तिला तिचं पान द्यायचं, असं बाईंनी ठरवलं. अर्धं लिहून झालं होतं. समारंभ रविवारी. शुक्रवारी कीबोर्ड गेला. मला ऑफिसच्या कामासाठी जालना सोडता येत नव्हतं. फोनवरून सांगायचा प्रयत्न केला, पण दोघांनाही जमलं नाही.

पुढच्या आठवड्यात गेलो तेव्हा बाईंनी चहा दिला आणि शांतपणे सांगितलं, “मी हातानंच लिहून नेलं. तिनं सगळ्यांसमोर उघडलं, वाचायला लागली, आणि तिला वाचता येईना. ‘बाई, तुम्हीच वाचा’ म्हणली. मलाही माझं अक्षर लागेना. मंग दोघी नुसत्याच रडलो. लोकांना वाटलं, काय प्रेम आहे.”

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

“बाई, माझी चूक झाली. मी चुकीचं निवडलं.”

“मंग आता बराबर निवड. तू नोकरीसाठी पुण्याला जायचं म्हणतोस. तू तिकडं गेल्यावर मी कुणाला बोलावू? मला असं काहीतरी टाकून दे, की ज्याला तू लागणार न्हाईस.”

त्यांनी सहज म्हटलं. मी मान हलवली आणि लॅपटॉप बंद करून दारात चप्पल घालायला गेलो, तेव्हा कुठं ते वाक्य माझ्यापर्यंत पोचलं.

या वेळी मी काउंटरवरच्या काकांसारखं केलं. बाईंनी लिहिलेली सगळी पानं आधी वेगळी काढून ठेवली. मग उबुंटू, डेबियन आणि मिंट असे तीन पेन ड्राइव्ह घेऊन गेलो. पेन ड्राइव्हवरून लिनक्स आत न टाकताही चालवून बघता येतं. प्रत्येकात मोबाइलच्या नेटवरून मशीनचा कीबोर्ड घातला आणि बाईंना बसवलं. त्यांनी तिन्हींवर परीक्षेतला तोच उतारा मारला. मी घड्याळ लावून उभा होतो, अगदी परीक्षकासारखा.

“घाई करू नका,” मी म्हणालो.

“परीक्षेत असं बोलत न्हाईत,” बाई न थांबता म्हणाल्या.

मिंटवर त्या थांबल्या. खाली डाव्या कोपऱ्यात एकच बटण, दाबलं की सगळं नावानिशी समोर. हलकी आवृत्ती असल्यामुळं जुन्या लॅपटॉपलाही झेपत होतं. “हे मला काही विचारत न्हाई,” त्या म्हणाल्या. “हे ठेव.”

मी ठेवलं. अक्षर मोठं केलं. पानं आपोआप दुसरीकडं जपून ठेवायची सोय केली. या मिंटला पाच वर्षं सुरक्षेचे अपडेट येत राहणार होते, आणि त्यात कुठलंच मोठं उलटंपालटं होणार नव्हतं. मित्राला सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे पाच वर्षं सुट्टी तुला.” मी हो म्हणालो.

पुण्यात येऊन मला आता सात महिने झाले. इथं ऑफिसात सगळीकडं लिनक्सच आहे आणि लोक मला विचारतात, नव्या माणसानं कुठलं घ्यावं. मी आधी विचारतो, कुणासाठी. शनिवारी दुपारी मी फोन समोर ठेवून बसतो. फोन आला तर तो आईचा असतो. बाईंचा शेवटचा फोन आला त्याला तीन महिने झाले. आवाज आनंदी होता. एकोणीस पानं झाली म्हणाल्या, काही अडत नाही म्हणाल्या, आणि ठेवला. मी फोन करतो तेव्हा काय बोलावं कळत नाही. “चालतंय ना?” असं विचारतो. “चालतंय,” असं उत्तर येतं.

म्हणून मागच्या आठवड्यात मी त्यांना पत्र लिहिलं, छापलं आणि पोस्टात टाकलं. ते असं:

बाई, जयभीम.

लॅपटॉपबद्दल तुम्हाला एक गोष्ट सांगायची राहिली आहे. मी चुकीचं निवडलं, असं तेव्हा म्हणालो. ते अर्धंच खरं होतं. आपलं काय चुकलंय, हे मला दुसऱ्याच महिन्यात कळलं होतं. मिंटचा पेन ड्राइव्ह मी तेव्हाच तयार केला होता आणि दर खेपेला तो माझ्या बॅगेत असायचा. तीन महिने तो मी बाहेर काढला नाही. काढला असता तर मला आष्टीला यायला कारण उरलं नसतं. त्यामुळं परतूरच्या समारंभात तुमच्यावर जी वेळ आली, ती निष्काळजीपणानं आली नाही. माझ्या लोभानं आली. त्याबद्दल माफ करा.

आमच्या घरात कुणाला कुणाची आठवण आली तर तसं म्हणत नाहीत. ‘काही काम होतं का’ असं विचारतात. काम नसताना कुणाच्या दारात जाऊन बसावं, हे मला शिकवलेलंच नाही. तुमच्याकडंही मी नेहमी काहीतरी काम घेऊनच आलो. आधी टायपिंग, मग फॉर्म, मग लॅपटॉप.

आता लॅपटॉप नीट चालतोय याचा मला आनंद आहे, आणि दर शनिवारी थोडं वाईटही वाटतं. दोन्ही खरं आहे.

दिवाळीच्या आधीच्या रविवारी मी येतो. माझं काही काम नाही. तुम्ही लिहीत असाल तर थांबू नका, मी बाजूला खुर्ची घेऊन बसेन.

आपला विद्यार्थी