उजवा कान

सरकारी दवाखान्यातून निवृत्त झाले तेव्हा घरात बसायचं कसं असतं तेच मला ठाऊक नव्हतं. सारी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात उभ्याउभ्या गेलेली. पहिल्याच महिन्यात माळ्यावरची भांडी दोनदा काढून घासली. नवरा पेपरातून डोकं वर काढून म्हणायचा, "बस की आता जरा. सरकार घरबसल्या पेन्शन देतंय न्हवं?" देत होतं, पण झालेल्या कामाचं. आजचा दिवस कुठं घालवायचा ते सरकार सांगत नव्हतं.

शेवटी शाहूपुरीतल्या एका डॉक्टरीणबाईंनी बोलावलं. शिकाऊ असताना ती आमच्याच वॉर्डात होती, पहिलं बाळंतपण माझा ओरडा खात केलेलं. म्हणाली, "सिस्टर, दहा ते दोन या. पोटं तपासा." दुसऱ्या दिवशी मी साडेनऊलाच दारात. कुलूपसुद्धा निघालं नव्हतं.

बाळाचे ठोके ऐकायचं मशीन तिच्याकडे होतं. मला मात्र माझं ॲल्युमिनियमचं नळकांडंच लागे. एक तोंड पोटावर, दुसऱ्या तोंडाला कान, आणि श्वास धरायचा. तपासलेली बाई मी आत पाठवायची. पुढं पुढं आत ती एकेकीला इतका वेळ लावायला लागली की मी चिडायचे. "बाहेर रांग लागलीय, आटप की!"

तिसऱ्या वर्षी नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेले. आपण जिवंत आहोत म्हणून सही करायची. मागच्या माणसानं खांद्याला हात लावला. "आजी, तुमास्नीच हाक मारत्यात कवापासनं." मी त्याच्यावरच खेकसले. मनातून मात्र चरकले. उजवा कान आधीपासून दगा देत होता.

कुणाला सांगितलं नाही. मान वाकडी करून डावा कान लावायला लागले. कधी ठोके ऐकू यायचे, कधी ऐकल्यासारखे वाटायचे. कागदावर मी "ठोके चांगले" असंच लिहायचे. हे लिहिताना आजही हात जड होतो.

उन्हाळ्यात कागलची एक पोर आली, पहिलटकरीण, आठवा महिना. नळकांडं ठेवलं, काही नाही. जागा बदलली, पंखा बंद केला, तरी काही नाही. या वेळी ऐकल्यासारखंही वाटेना. पोरीनं माझा चेहरा वाचला.

"बाई, बाळ बरं हाय न्हवं?"

मी नळकांडं पुन्हा टेकवलं. तिनं माझा पदर गच्च धरला. "बोला की ओ!"

मी पदर सोडवून आत धावले. डॉक्टरीणबाईंनी येऊन मशीन लावलं आणि खोलीभर धडधड सुरू झाली, मलाही ऐकू येईल एवढी. पोर हमसून रडली. मी मोरीत जाऊन हात धूत राहिले.

दोन वाजता नळकांडं डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. "माझा कान गेलाय. उद्यापासनं येत न्हाय मी."

"माहीत आहे, सिस्टर," ती खाली मान घालून म्हणाली. "दिवाळीपासून. तुम्ही पाठवलेली प्रत्येक बाई मी आत परत तपासत होते."

मला आधी राग आला, मग लाज वाटली, मग दोन्ही एकदम.

"मग मला बोलली का न्हाईस?"

"तुम्ही ओरडला असता."

मी ओरडायला तोंड उघडलं. मग टेबलावरचं नळकांडं उचलून तिच्या हातात दिलं.