बिनमिशीचा शिपाई

आमच्याकडे लग्नघराची भिंत कोरी ठेवत नसत. कारंज्याहून चितारी यायचा आणि दाराच्या दोन्ही बाजूंना मोर, हत्ती, बंदूकधारी शिपाई काढून जायचा. माझं लग्न ठरलं तेव्हा मी काकांपाशी हट्टच धरला, की यातला एक शिपाई माझा बाप असला पाहिजे. मी पाळण्यात असताना तो मोठ्या लढाईत परमुलखात पडला होता. घरात त्याचा एक फोटोसुद्धा नव्हता, आणि बापाचं तोंड न पाहता सासरी जायची माझी तयारी नव्हती.

काका म्हणाले, "शिपाई म्हनजे शिपाई. थोच तुहा बाप समज." मी जेवणच सोडलं. राग नाकाच्या शेंड्यावर असतो माझा, तेव्हाही होता.

चिताऱ्यानं झुपकेदार मिशांसाठी काजळी कालवली, तशी आई माजघरातून बाहेर आली. विधवा बाई, लग्नकार्यात कधी पुढे होत नसे.

"मिशा नोका काढू. त्याइले मिशा नव्हत्या."

"मंग चेहरा कोनाचा काढू, बाई?"

"हिले पाहून काढा. बापावरच गेली हाय."

दुपारभर मी ओट्यावर बसले. चितारी हलू देईना आणि मैत्रिणी हसवल्याशिवाय राहीनात. संध्याकाळी भिंतीवर खाकी कपड्यातला बाप उभा होता. माझंच नाक, माझीच हनुवटी. मी पोटभर रडले आणि मग पोटभर जेवले.

केनवडचं वऱ्हाड दारात आलं. विहीणबाईंनी भिंतीकडे बोट केलं, "बिनमिशीचा शिपाई काहून हो?" काका चाचरले. बायकांच्या मागे उभी असलेली आई सरळ पुढे आली.

"थे माहे मालक हायेत," ती खणखणीत आवाजात म्हणाली. "लढाईत गेले. आज पोरीच्या लग्नाले आले."

विहीणबाईंनी डोक्यावरचा पदर सारखा केला, आधी शिपायाच्या कपाळाला कुंकू लावलं आणि मगच उंबरा ओलांडला. त्या क्षणी मला आईचा जो अभिमान वाटला, तो अजून उतरलेला नाही.

तो शिपाई मी सासरी आणला. लेकीच्या लग्नात लेकीला पाहून काढवला, नातीच्या लग्नात नातीला. नाक तेच. नातीच्या वेळी एका पाहुण्यानं विचारलं, हा कोण? मी तोंड उघडायच्या आत नवरीच म्हणाली, "माहे पणजोबा हायेत. लग्नाले आले."