न भरलेल्या फॉर्मचा नवस

सौंसरच्या बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. भरतीची पोरं येतात, खुर्चीत बसतात आणि विचारतात, "भैया, कोणता फॉर्म भरू? तुम्हीच सांगा." मी चष्मा कपाळावर चढवतो आणि पाच मिनिटांत त्यांचं आयुष्य मार्गी लावतो. काही पोरं खरंच लागली. पेढे आणून देतात. मी पेढा खातो आणि त्याच खुर्चीत परत बसतो, कारण माझं स्वतःचं काय करायचं ते गेली दहा वर्षं नुसतं ठरतंच आहे.

शिक्षक व्हायचं ठरवलं, मग बँक, मग पांढुर्ण्याला संत्र्याचा रस काढायचा कारखाना. आमच्या घरी संत्र्याचं एक झाड नाही, हे तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं. काही ठरवलं तरी झोप नाही, न ठरवलं तरी नाही. अंथरुणावर पडलो की डोळे टक्क उघडे. आई म्हणायची, "याले नजर लागली." मला नजर लावण्यासारखं माझ्याजवळ होतं काय, ते तिलाच माहीत.

मग पटवारीची, म्हणजे तलाठ्याची, भरती निघाली. वयामुळे माझी ही शेवटची. बाबा निवृत्त मास्तर. ते रोज विचारायचे, "भरला काय?" मी म्हणायचो, "भरतो न, मुदत आहे."

शेवटच्या दिवशी दुकानात ही रांग. आधी गिऱ्हाईक, असं मी स्वतःलाच मोठ्या मनाने बजावलं. सगळ्यांचे भरून झाले तेव्हा सहाला दहा मिनिटं होती आणि सहाला मुदत संपत होती. माझी माहिती भरली, फोटो चढला, फक्त शेवटचं बटण राहिलं. आणि हात उचलेना. लाइट जाईल म्हणून वाट पाहिली. इतर वेळी दिवसातून चारदा जाते, त्या दिवशी मेली हलली नाही. सहा वाजले, साइट बंद. आणि खरं सांगतो, मला इतकं हलकं वाटलं की समोरच्या टपरीवर जाऊन आलूबोंडे खाल्ले. दोन झाले तरी लाज वाटेना, तिसऱ्याला वाटली.

घरी बाबा दारातच. "भरला?"

"भरला."

"प्रिंट दे. देवापुढं ठेवतो."

आता आली का पंचाईत! दुकानात जाऊन एका पोराच्या फॉर्मची प्रिंट काढली आणि चार घड्या घालून, फक्त वरचं 'पटवारी' दिसेल अशी आणून दिली. बाबांनी तिला हळदकुंकू लावलं. आणि शुक्रवारी जेवताना जाहीर केलं, "पेपर होईपर्यंत दर शनिवारी जामसांवलीच्या मारुतीले पायी जाईन. अनवाणी."

त्यांचे गुडघे आधीच गेलेले. शनिवारी ते फोड घेऊन यायचे, आई तेल चोळायची आणि मला विचारायची, "पास तर होशील न रे?" मी म्हणायचो, "होईन." फॉर्मच नाही तर नापास कोण करतो, तेवढाच आधार. दर शनिवारी सांगायचं ठरवायचो, आणि दर शनिवारी एक शनिवार वाढलेला असायचा. बापाच्या पायांवर खोटं बोलून राहिलो होतो मी.

पेपर रविवारी, छिंदवाड्याला. आईने हातावर दही-साखर ठेवली. बसमध्ये बसलो तर रामाकोन्याला माझीच दोन गिऱ्हाइकं चढली. "भैया, तुमचं सेंटर कोणतं?" मी ओळखपत्र विसरल्याचं सांगून तिथंच उतरलो. आता पेपर सुटेपर्यंत, चार वाजेपर्यंत तोंड लपवायचं कुठे? तर मी अकलेचे तारे तोडले. बाबांचा वार शनिवार, आज रविवार. म्हणजे जामसांवलीसारखी बिनधोक जागा नाही.

उलट्या गाडीने जाऊन मारुतीचं दर्शन घेतलं. तो आमचा निजलेला, मूर्तीच आडवी, त्यामुळे नजर चुकवायची गरज पडली नाही. बाहेर सावलीत आईने दिलेला डबा उघडला आणि पहिला घास घेतला, तर समोर दोन अनवाणी पाय येऊन थांबले. ते फोड मला पाठ होते.

"पेपर लवकर सुटला काय?" बाबा म्हणाले.

"बाबा, मी तो फॉर्म..."

"माहीत आहे मले. पहिल्याच दिवशी घडी उघडली. जन्मभर पोरांच्या परीक्षेच्या कॉप्या तपासल्या, नाव न वाचता ठेवीन काय? त्या पोराचा आज पेपर आहे, म्हणून त्याच्यासाठी नारळ फोडाले आलो."

मला राग आला. चूक माझी आणि राग त्यांच्यावर, ही आमची जुनी पद्धत. "मग माहीत होतं तर इतके शनिवार पायी काहून आले?"

ते गुडघा धरून शेजारी बसले. डब्यातली पोळी तोडून घेतली.

"तू झोपून नव्हता न राहिला. आई सांगे रोज. नोकरी नाही मागितली म्या. हा देव स्वतःच निजला आहे, म्हटलं याले झोपच मागावं."

मला रडू आलं. भर देवळापुढं, तोंडात घास, अन् एवढा मोठा घोडा ढसाढसा रडून राहिला. बायका वळून पाहायला लागल्या. बाबा म्हणाले, "हळू रड, त्याची झोप मोडशील."

नागपूरकडे जाणारी बस मिळाली. सौंसरची दोन तिकिटं काढली. बाबा खिडकीजवळ, मी त्यांच्या बाजूला.

डोळे उघडले तेव्हा डोकं त्यांच्या खांद्यावर होतं आणि बाहेर बोरगाव.

"बाबा, सौंसर तर मागं गेलं! उठवलं काहून नाही?"

त्यांनी मूठ उघडली. आत सौंसर ते बोरगाव अशी दोन नवी तिकिटं.

"घोरून राहिला होता," ते म्हणाले.