न रागावणारा दीपक

हसायचं असेल तर आधी चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल!

मी लोणावळ्याची. मानसशास्त्रात पीएचडी करतेय. विषय काय, तर ‘ग्रामीण तरुणांमधील राग’. चार वर्षं राग नुसता पुस्तकांत वाचला, प्रत्यक्ष रागावलेला तरुण एकही गाठला नाही. शेवटी गाईड मॅडमच रागावल्या. म्हणून एका रविवारी निघाले भाजे गावाला. “तंबू भाड्यानं देणाऱ्या दीपककडं जा, बोलका हाय,” असं मळवली स्टेशनवरच्या चहावाल्यानं सांगितलं.

दारात दीपकची आई. म्हटलं, “दीपकला थोडे प्रश्न विचारायचेत.”

“या की ताई! सकाळधरनं तुमचीच वाट बघतोय!”

माझी कीर्ती भाज्यापर्यंत पोचली? मी टम्म फुगले! खोबरं पेरलेले पोहे आले. इस्त्रीच्या शर्टात दीपक आला. अख्खं घर समोर बसलं. एवढं सहकार्य कुठल्या संशोधकाला मिळतं, सांगा बरं?

“राग येतो का?”

आईच म्हणाली, “आमच्या दीपकला? म्हशीनं लाथ मारली तर तिलाच इचारतो, लागलं का गं!”

“ताण आला की काय करता?”

दीपक लाजला. “भांडी घासतो.”

“एकटं वाटतं?”

“वाटतं. म्हणून तर तुमी आलात न्हवं?”

वा! मी अंगणात जाऊन मॅडमना फोन लावला. “मॅडम, शून्य राग! पाठ्यपुस्तकं बदलावी लागणार!”

आत आले तर दीपकचे वडील, आबा, म्हणाले, “मग मुलगी कवा दावताय?”

मला वाटलं, मुलामुलींची तुलना कधी करणार असं विचारतायत. “मुली नंतर, आबा. आधी गावातले अजून चाळीसएक मुलगे बघायचेत.”

आबांचा चहा बशीतच राहिला. “चाळीस?”

“कमीच आहेत हो. मॅडम तर शंभर म्हणत होत्या!”

तेवढ्यात दारात जीप थांबली. एक बाई उतरल्या. “इंदुरीहून आलोय. मुलीची थोरली बहीण मी. मुलगा बघायला आलो.”

सगळ्यांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग माझ्या रिकाम्या ताटलीकडं.

“मग ही कोण?” आई ओरडली.

“मी... रागाचा अभ्यास...”

दीपकनं स्टुलाला अशी लाथ हाणली की ते थेट अंगणात! “भांडी घासतो म्हनालो मी! कुणाफुडं? आता समदा गाव हसंल!”

मी जी सुटले, ती मळवली स्टेशनातच थांबले.

धापा टाकत मॅडमना फोनवर सांगितलं, “राग सापडला!”

“अरे वा! चेहऱ्यावरचे हावभाव नीट टिपलेस ना?”

“नाही मॅडम. त्या वेळी त्याच्याकडं माझी पाठ होती.”