पुढं सरकून बसा

बालाघाटजवळ भरवेलीच्या मँगनीज खाण कॉलनीत दुलीचंद मेश्रामला लोक चेहऱ्याआधी आवाजानं ओळखत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत तो भीमगीतं म्हणायला उभा राहिला की माईकवाला मशीनचा आवाज कमी करायचा. गाण्याच्या कार्यक्रमांना त्याला पार गोंदियापर्यंत बोलावणं असे. एरवी तो ठेकेदाराचा डंपर चालवी आणि काळ्या धुळीनं माखून घरी येई. वडील चैतराम यांची हयात खाणीत गेलेली. निवृत्तीनंतर ते विहाराचं काम बघत. पोराचं तोंडावर कौतुक करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, पण तो गात असताना कुणी मधे बोललं तर ते वळून त्या माणसाकडे बघत राहत.

पस्तिशी ओलांडली आणि दुलीचंदचा घसा बसू लागला. धूळ गेली असेल म्हणून त्यानं हळद-दूध झालं, खडीसाखर झाली, मध झाला, सगळं करून पाहिलं. अख्खा हिवाळा असाच गेला. शेवटी बायको आनंदी हट्टाला पेटली आणि त्याला नागपूरला घेऊन गेली. स्वरयंत्रावर गाठ निघाली, आणि ती साधी नव्हती. ऑपरेशन झालं. जीव वाचला. गाणं जाणार हे डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, तसं ते गेलं.

वॉर्डात शेजारच्या खाटेवर बैहरकडचा प्रीतम होता. जंगलात बांबूकटाईचं काम करणारा, गोंड, दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती. त्याच्या गळ्यात नळी बसवलेली. त्याला बोलता येणारच नव्हतं. त्याची बायको विमलाबाई संध्याकाळी त्याला हिंदीतून बायबल वाचून दाखवी. दुलीचंदला त्याचा वैताग येई. देवाचं नाव सांगूनच आपल्या आजा-पणज्यांना गावाबाहेर ठेवलं, हे ऐकत तो वाढला होता. वाचन सुरू झालं की तो भिंतीकडे तोंड करून पडे.

एका संध्याकाळी विमलाबाई औषधाच्या रांगेत अडकली. प्रीतमनं पुस्तक उचलून दुलीचंदपुढे धरलं. दुलीचंदनं मान हलवली. प्रीतमनं हात मागे घेतला नाही.

आता थोडं बोलून बघा, असं डॉक्टर सकाळीच सांगून गेले होते, आणि दुलीचंदनं दिवसभर ते टाळलं होतं. घशातून काय निघेल ते आनंदीच्या देखत ऐकायची त्याची तयारी नव्हती. या परक्या माणसापुढे मात्र चाललं असतं. त्यानं पुस्तक घेतलं. जे निघालं त्याला आवाज म्हणता आलं नसतं. वाळल्या पानांवरून कुणी चालत जावं तशी नुसती खसखस. प्रीतम उठला, त्याच्या खाटेवर येऊन बसला आणि कान त्याच्या तोंडाजवळ आणला. दुलीचंद पान संपेपर्यंत वाचत राहिला. इतकी वर्षं एवढ्या लोकांनी आपल्याला ऐकलं, पण असं कुणी ऐकलं नव्हतं, असं त्याला वाटून गेलं. झालं ते एवढंच. प्रकाश दिसला, कुणी हाक मारली, असलं काही घडलं नाही, आणि पुढेही त्यानं कधी तसं सांगितलं नाही.

उन्हाळ्यात तो बसनं बैहरला आणि तिथून जीपनं प्रीतमच्या गावी गेला. प्रीतम खंगला होता. दुलीचंद त्याला वाचून दाखवून परत आला. मग पुन्हा गेला. तिसऱ्या खेपेला पोचला तर प्रीतम गेलेला. खड्डा खणून तयार होता, पण बालाघाटहून निघालेले पास्टर घाटात ट्रक आडवा झाल्यामुळे अडकून पडले होते.

"भैया, तुम ही पढ़ दो," विमलाबाई म्हणाली.

"मैं तुम लोगों में से नहीं हूँ, बाई."

"वो तुम्हारा पढ़ना सुनते थे."

तो वाचू लागला. मागच्यांना ऐकू येईना. ते पुढे सरकले, त्यांच्या मागचे त्यांच्या मागे, आणि थोड्या वेळानं सारा गाव त्याच्या अंगाला अंग लावून उभा होता.

त्यानंतर तो रविवारी बालाघाटच्या चर्चला जाऊ लागला. आत जात नसे; बाहेर पायरीवर बसे आणि उपासना संपली की पास्टरांशी वाद घाली. हे बरंच चाललं. वाद जिंकता येत होते, तरी पुढच्या रविवारी पाय तिकडेच वळत. शेवटी त्यानं ठरवलं आणि पहिल्यांदा वडिलांना सांगितलं.

चैतराम जेवत होते.

"बाबा, मी बाप्तिस्मा घेऊन राह्यलो."

"माह्या बापानं घरचे देव नदीत सोडले," चैतराम म्हणाले. "नागपूरले जाऊन दीक्षा घेतली. अन् तू घरात परत देव आणून राह्यला. काहून?"

"मले ते खरं वाटते."

"तुह्या आवाज वापस देल्ला का त्यानं?"

"नाही."

"देनार हाय का?"

"नाही."

"मंग?"

"मंग बी," दुलीचंद म्हणाला.

चैतराम ताटावरून उठले नाहीत. सावकाश जेवण संपवलं, हात धुतले आणि विहाराकडे निघून गेले. त्या दिवसापासून बापलेकांत कामापुरतं बोलणं उरलं.

आनंदीनं दुसऱ्या दिवशी आपला निर्णय सांगितला. "तुमाले खरं वाटते ते तुमी करा. मी विहार सोडत नाही. अन् आपल्या पोरीले, रूपालीले बी सोडू देत नाही."

"मी कुठं म्हन्लं सोड म्हणून?"

"म्हनू बी नोका."

त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही. आजही रविवारी सकाळी आनंदी त्याचा डबा भरून देते आणि मग मुलीला घेऊन वंदनेला जाते.

बाप्तिस्म्यानंतर तो पास्टर व्हायचं शिक्षण घ्यायला जबलपूरला गेला, तेव्हा तिथले गुरुजी स्पष्ट बोलले. उपदेश हे आवाजाचं काम आहे, तुम्ही आजाऱ्यांच्या भेटीगाठी करा. माईक लावून पाहिला, तर शब्दांपेक्षा श्वासच मोठा ऐकू येई. प्रीतमच्या गावाला मात्र कितीतरी वर्षांपासून आपला पास्टर नव्हता. तिथल्या पत्र्याच्या खोलीत दुलीचंद उभा राहिला आणि पहिलं वाक्य बोलला, "आगे सरक के बैठो." लेकरू रडलं की तो थांबे. लोक खोकला दाबून धरत.

एकदा कुणीतरी ठाण्यात तक्रार केली, की पास्टर भोंगा लावून आरडाओरडा करतो आणि लोकांना फितवतो. एक हवालदार साध्या वेशात येऊन दाराशी बसला. त्याला काही ऐकू येईना. तो उठून मधे बसला, मग अगदी पुढच्या ओळीत. उपासना संपल्यावर त्यानं विचारलं, "भोंगा कहाँ है?" दुलीचंदनं गळ्यावरचा व्रण दाखवला. हवालदारानं चहा घेतला आणि गेला. तक्रारी त्यानंतरही होत राहिल्या. काही लोक यायचे थांबले, काही राहिले.

गेल्या थंडीत चैतरामांनी अंथरूण धरलं. दुलीचंद महिनाभर रविवारीही भरवेली सोडून गेला नाही, त्यांना अंघोळ घाली, पेज पाजी. एका दुपारी त्यांनी त्याला खुणेनं जवळ बोलावलं.

"मी गेल्यावर तुह्यी प्रार्थना नोको. माह्यासाठी नोको."

"हौ, बाबा."

"मनात बी नोको."

याला तो पटकन हो म्हणू शकला नाही. चैतराम वाट बघत राहिले. शेवटी त्यानं हो म्हटलं. म्हाताऱ्यानं त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

अंत्यविधी बौद्ध पद्धतीनं झाला. दुलीचंद पांढऱ्या कपड्यांत पहिल्या रांगेत उभा होता. त्रिशरणाच्या वेळी त्यानं हात जोडले, ओठ हलवले नाहीत. कुणाच्या ते लक्षात आलं असेल.

पुढच्या रविवारी तो बैहरच्या गाडीत बसला. खोलीच्या दारात विमलाबाई उभी होती.

"आज तुम्हारे पिताजी के लिए प्रार्थना रखें?"

"नहीं. उन्होंने मना किया है."

विमलाबाईनं थोडा विचार केला. "तो तुम्हारे लिए रख लेते हैं."

तो आत जाऊन लोकांबरोबर सतरंजीवर बसला. प्रार्थना विमलाबाईनंच केली, मोठ्यानं.