आंबिलाचं बिंदगं

आमचं गाव धरणात गेलं तेव्हा मी जन्मलो नव्हतो. शेतही गेलं, पण सगळं नाही. त्याचा एक उंच कोपरा, दोन बाभळी आणि बाभळींखालचे पाच दगड एवढं पाण्यावर राहिलं. आसपासच्या टेकड्यांचीही अशीच बेटं झाली. आबा, म्हणजे माझे वडील, दरवर्षी येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येला, थर्माकोलच्या तराफ्यावर बसून त्या कोपऱ्यावर जात. पाच दगडांना चुना लावत, पांडव म्हणून पुजत, आणि शेतात चारी बाजूंनी आंबील शिंपून परत येत. शेत गेलं, असं ते कधीच म्हणाले नाहीत. "शेत हाय. जरा लांब हाय," एवढंच म्हणत.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांचं अर्धं अंग लुळं पडलं. येळवस जवळ आली तेव्हा तराफेवाले ऊसतोडीला गेलेले होते आणि काठावर वसवलेल्या नव्या गावात म्हातारी माणसं आणि कुत्री उरली होती. राहिलो मी. पुण्याकडच्या एका धरणावर मी पर्यटकांना कयाक चालवायला शिकवायचो. ते ठिकाण बंद पडलं तेव्हा मालकाने एक जुनी पिवळी कयाक मला देऊन टाकली. ती टेम्पोतून उतरवली तेव्हा शेजारचा म्हणाला, "ढोरं न्हाईत अन् गव्हाण कावून आणली बे?" त्याचंही बरोबरच होतं.

आबांनी खाटेवरूनच मला जुंपलं. "तू जा. पांडव हायत का ते बघून ये." त्यांच्या आवाजात विनवणी होती, आणि तीच मला सोसेना. उभ्या जन्मात या माणसाने मला फक्त दटावलं होतं. खाटेवर पडल्यापासून तो त्या कोपऱ्याच्या भरवशावर श्वास घेत होता, हे घरात सगळ्यांना कळत होतं.

आमच्या घरची एक रीत आहे. आंबिलाचं बिंदगं घरातून डोक्यावर निघालं की शेतात पोचेपर्यंत जमिनीला टेकवायचं नाही. माझा प्रश्न असा की कयाकमध्ये डोक्यावर मडकं घेऊन वल्हवायचं कसं. आबांनी बराच विचार करून निवाडा दिला, "मांडीवर असलं म्हंजी टेकलं न्हाई." आईने बिंदग्याला फडकं बांधलं, मी ते मांडीत धरलं आणि उजाडताच निघालो.

टेकवायचं नाही म्हणजे वाटेत कुठल्या बेटावर पाय मोकळे करायलाही उतरायचं नाही, हे माझ्या लक्षात आलं ते कंबर भरून आल्यावर. थंडी होती, वाराही समोरचा. दर वल्ह्याला आंबील डचमळायचं आणि त्याचा आंबूस वास नाकात जायचा. पर्यटकांना मी सांगायचो की पाण्यावर एकटं असलं की मन शांत होतं. माझं काही झालं नाही. मला सगळ्यांचा राग येत होता. धरणाचा, आबांचा, त्या मडक्याचा.

आबांची खूण सोपी होती. काठापासून तिसरी टेकडी सोडायची, चौथी आपली. मी मोजत गेलो. चौथ्या बेटावर बाभूळ नव्हती, नुसता मुरूम. पाचव्यावर कुणाची तरी पडकी विहीर. मग डोक्यात प्रकाश पडला. आबांनी मोजलेल्या टेकड्या दुष्काळी सालातल्या होत्या. त्या साली धरण पहिल्यांदाच तुडुंब भरलं होतं. पाणी चढलं की मोठ्या टेकडीच्या दोन होतात आणि छोटी नाहीशी होते. बेटं मोजून वाट सांगायची चूक आमच्याकडचाच माणूस करू शकतो, कारण त्याच्या लेखी त्या अजून टेकड्याच असतात.

मी मागे फिरलो. तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधल्या मोकळ्या पाण्यात दोन बाभळींचे शेंडे दिसले. वाळलेले, काटेरी, जेमतेम हातभर वर. येताना मी त्यांच्या शेजारून गेलो होतो.

वल्हं उभं करून पाण्यात घातलं. अख्खं बुडालं, कोपरापर्यंत हातही बुडाला, पण तळ लागला नाही. बाभळींच्या चहूकडे फिरून पुन्हा पुन्हा घातलं. नाही लागला. मग मी फडकं सोडलं आणि एका हाताने आंबील शिंपायला लागलो. "ओलगे ओलगे" म्हणायचं असतं, जोरात, घरादाराने मिळून. मी एकट्याने म्हटलं आणि स्वतःचाच आवाज ऐकून थांबलो. पाण्यावर पांढरा डाग पसरला, त्यावर मासे आले. मला रडू आलं. तिथे बघायला कोणी नव्हतं म्हणून पोटभर रडलो.

परतलो तेव्हा आबांची खाट अंगणात आणलेली होती. किती वेळ ते वाटेकडे बघत होते कोण जाणे. पांडवांचं त्यांनी विचारलंच नाही. धीर झाला नसावा. माझ्या काखेतल्या रिकाम्या बिंदग्याकडे बघत त्यांनी दुसरंच विचारलं.

"कुटं टेकवलं तर न्हाई ना?"

"न्हाई आबा," मी म्हणालो. "टेकवायला जागाच नव्हती."

आबांनी चांगल्या हाताने गोधडी तोंडावर ओढून घेतली. आईने माझ्याकडून बिंदगं घेतलं आणि खाटेच्या पायथ्याशी जमिनीवर ठेवलं. आबा अजून आहेत. पण यंदा येळवस आली तेव्हा आईने आंबील केलं नाही आणि त्यांनीही ते मागितलं नाही.