नकाशातलं पांढरं गाव

मला त्याचा मत्सर वाटायचा. आधी तेवढं लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना कोणी मला बिचारी समजणार नाही.

विद्यापीठात आमचा अभ्यास आरोग्यातल्या विषमतेचा. सरकारी जन्म-मृत्यू नोंदींवरून यवतमाळ जिल्ह्यात कुठल्या गावची तान्ही लेकरं जास्त जातात, ते शोधायचं. गावोगाव फिरून नोंदी पडताळायचं काम माझं. मी घाटंजीची, आठवडी बाजारात शेतकऱ्यांच्या संघटनेची पत्रकं वाटत मोठी झालेली. फिरणं आणि भांडणं, दोन्ही अंगवळणी. संगणकावरचं काम माझ्याच वयाच्या एका पुण्याच्या मुलाकडे. झरी जामणी तालुका त्याने पाहिलाही नव्हता. पण त्याने नकाशा रंगवला, मृत्यू जास्त तिथे रंग गडद, आणि सरांनी तो विभागाच्या दारावर चिकटवला. माझ्या वह्या कपाटात, त्याचा नकाशा दारावर. वर तो माझ्यासाठी चहा आणायचा, साखर कमी. हे लक्षात ठेवतो, याचाही राग यायचा.

नकाशात झरी जामणीतलं जंगलातलं एक गाव पांढरं होतं. एकही तान्हं लेकरू गेलेलं नाही. सर म्हणाले, इथे ठीक चाललंय, तर फिरत्या दवाखान्याची गाडी इथून काढून दुसऱ्या गावाला द्या अशी शिफारस करू.

ते पांढरं का आहे, मला माहीत होतं. तिथल्या आशाताईंनी, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, अंगणात बसून सांगितलं होतं, "पह्यलं बाळंतपण मायच्या घरी. लेकरू तिकडंच गेलं त नोंद तिकडच्याच गावात. बाई रिकामी ओटी घेऊन इकडं येते. कागदावर आमच्या गावात कोनी मेलंच नाही न मंग." मग एकेका घराकडे बोट दाखवत त्यांनी सांगितलं आणि मी वहीत लिहून घेतलं.

तरी मी गप्प बसले. आरोग्य अधिकाऱ्यांसमोर सादरीकरण होतं. तिथे त्याचा नकाशा उघडा पडू दे, मग वही काढू, हा माझा बेत. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी पत्रक छापून त्याला गद्दार म्हटलं असतं.

दोन दिवस आधी तो खुर्ची ओढून माझ्याजवळ आला. आजूबाजूला सगळं गडद आणि हेच कसं पांढरं, तू गेली होतीस ना तिथे, असं विचारू लागला. मी म्हटलं, लक्षात नाही. वही टेबलावरच पडली होती.

शिफारशीचा मसुदा एव्हाना तालुक्याला पोचला होता. संध्याकाळी आशाताईंचा फोन आला.

"ताई, गाडी काहून बंद करून राह्यले? दोघी पोटुशा हायेत. तुमाले त समदं सांगतलं होतं न म्या."

त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मी भांडले तरी असते.

सकाळी वही त्याच्यासमोर ठेवली. "लक्षात होतं. तुझी जिरावी म्हणून सांगितलं नाही."

त्याने वही उघडून दोन पानं उलटली. मग म्हणाला, "तुझं अक्षर लागत नाही. वाचून दाखव."

दिवसभर मी वाचत गेले. माहेरी दगावलेल्या एकेका लेकराची नोंद तो आईच्या सासरच्या गावात आणत गेला. दुपार उलटेपर्यंत ते गाव शेजारच्या गावांइतकंच गडद झालं.

सादरीकरणात त्याने उभं राहून सांगितलं, "चूक माझी होती, ती हिने पकडली." अधिकारी त्याच्याकडे बघून माना हलवत होते, किती प्रामाणिक पोरगा म्हणून. खोटं मी बोलले होते आणि प्रामाणिकपणाची शाबासकी त्याला. मी तिथे बसून पुन्हा जळत होते.

गाडी राहिली. आशाताईंना ते आणि नकाशातल्या रंगांचं सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, "आमचं गाव काळं केलं का मंग?"

"केलं."

"बरं झालं. तुमीच केलं न?"

मला हो म्हणायचं होतं. फार म्हणायचं होतं.

"दोघांनी केलं," मी म्हटलं, आणि फोन ठेवला.